चौथ्या खुर्चीची थुंकी

मुंगी : …पैलवानासमोर म्हणालात, सर. सगळ्या डेस्कसमोर. ‘तिचं सोड रे, तिचे सध्या हार्मोन चाललेत.’ चाललेत! जसं काही घरात रंगकाम चाललंय.

सर : आधी दार लाव.

मुंगी : उघडंच राहू दे. तुम्ही बोललात तेव्हा कुठे दार होतं मध्ये?

सर : मुंगी, बस. पाणी घे जरा.

मुंगी : पाणी नको, आणि आज मुंगीही नको. नाव तुम्हीच ठेवलंत. दाणा दाणा करून वारूळ भरते म्हणून. सात वर्षं या खोलीत कंपनीच्या पैशाने तांबं घेते नि विकते, एकदाही तुम्हाला मालकांपुढे मान खाली घालायला लावली नाही. आणि सोमवारपासून मी जुळवणीच्या टेबलावर बसायचं, हे मला कळतं कुठे? लिफ्टमध्ये! जुळवणीवाली म्हणते, ‘ताई, तुमच्यासाठी खिडकीजवळची जागा पुसून ठेवलीय.’

सर : चांगली जागा आहे ती. उजेड आहे.

मुंगी : उजेड! दुसऱ्यांनी केलेल्या सौद्यांचे आकडे जुळतात का बघायचं आणि टिक मारायची. उजेडात बसून.

सर : तात्पुरतं आहे गं. काळजीपोटी केलंय. घरात पाच महिन्यांचं मूल, रात्रीची झोप नाही, अंगात अजून सगळं खालीवर—

मुंगी : माझ्या अंगात काय खाली आणि काय वर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सर : तपासणीने. मी मनाचं काही बोलत नाही. हा तक्ता बघ. नळीवाला रोज बाजार उघडायच्या आधी येतो, खुर्चीखुर्चीवरून थुंकीच्या नळ्या गोळा करून नेतो, हे तुला माहीत आहे.

मुंगी : माहीत आहे. मालकांचं नवीन खूळ.

सर : खूळ नाही, शास्त्र आहे. मी दोन दिवस बसून ऐकलंय. माणूस पैसा लावतो तो नुसत्या डोक्याने नाही. लागोपाठ सौदे जिंकत गेला की टेस्टोस्टेरॉन चढतं, मग त्याला वाटतं आपण हरूच शकत नाही. आणि बाजार बरेच दिवस हेलकावे खात राहिला की कॉर्टिसोल चढतं. ते भीतीचं. चढलं आणि उतरलंच नाही, की माणसाला कोपऱ्याकोपऱ्यात साप दिसायला लागतात. चांगला चाललेला सौदा मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो. आणि वर त्याला वाटतं, आपण शहाणपणा केला.

मुंगी : आणि पैलवान? तक्त्यात त्याचा रंग कोणता?

सर : हिरवा. म्हणजे ठीक.

मुंगी : हिरवा! निकेलमध्ये तीनदा जिंकला, छाती काढून चहाच्या मशीनपाशी भाषणं ठोकली, चौथ्यांदा दुप्पट लावलं आणि अख्खं डेस्क आडवं केलं. त्याचं ते चढलेलं कुठे दिसत नाही या तक्त्यात?

सर : ती वेगळी तपासणी. महाग पडते. मालकांनी फक्त भीतीची घेतली.

मुंगी : म्हणजे घाबरलेला सापडणार आणि माजलेला सुटणार. छान आहे शास्त्र. तो पडला तेव्हा कोणी म्हणालं का, ‘त्याचं सोड रे, त्याचे हार्मोन चाललेत’? तुम्ही काय म्हणालात ते मी ऐकलंय. ‘वाघ आहे, उठेल परत.’

सर : विषय तुझा चाललाय.

मुंगी : बरं, माझा. मग काय म्हणते माझी थुंकी?

सर : राग मानू नकोस. हे बघ, चार नंबरची खुर्ची. पहिला आठवडा पिवळा. मग लाल. लाल, लाल, लाल. एवढी लाल ओळ या खोलीत दुसऱ्या कोणाचीच नाही.

मुंगी : अरे वा. अजून?

सर : अजून काय… त्यांनी खाली लिहिलंय. या व्यक्तीवर बरेच दिवस ताण आहे, झोप तुटक आहे, या काळात मोठे निर्णय तिच्या हातात देऊ नयेत.

मुंगी : ‘तिच्या’ लिहिलंय?

सर : ‘या व्यक्तीच्या’ लिहिलंय. एकच आहे ते.

मुंगी : आणि म्हणून मंगळवारी तुम्ही माझं तांबं विकलंत.

सर : तुझं लिमिट दहाव्या हिश्श्यावर आणलं होतं. सौदा त्याच्या वर जात होता.

मुंगी : मग दहावा हिस्सा तरी ठेवायचा. ठेवलात?

सर : नाही. सगळं काढलं.

मुंगी : कोणत्या भावाला?

सर : मिळेल त्या… तेव्हा जो चालू होता, त्या.

मुंगी : दिवसातल्या सगळ्यात खालच्या. जेवणाच्या सुट्टीनंतर तांबं उठलं ते अजून खाली बसलेलं नाही. तांब्याच्या खाणीतला संप मिटणार नाही, हे मी पोरीला मांडीवर घेऊन वाचत होते, सर. एका हाताने तिला थोपटत, एका हाताने खाणीच्या बातम्या. घाबरले असते तर मी विकलं असतं. मी धरून बसले होते. विकलं तुम्ही.

सर : मी तक्ता बघून विकलं. तुला वाचवायला.

मुंगी : ऐका आता. नळीवाला बाजार उघडायच्या आधी येतो ना?

सर : तेव्हाच लागते त्यांना. सकाळी कॉर्टिसोल जास्त असतं, मग उतरत जातं. वेळ चुकली की आकडा चुकला.

मुंगी : तेव्हा मी कुठे असते?

सर : …जागेवर.

मुंगी : स्टेशनरीच्या खोलीत असते. कागदाच्या गठ्ठ्यांवर बसून, छातीला ते घरघरणारं यंत्र लावून, पोरीचं दुपारचं दूध काढत असते. किल्ली तुम्हीच दिलीत, विसरलात? आणि तो संमतीचा फॉर्म मी सही न करता परत दिला होता. सर, मी त्या नळीत आजवर एकदाही थुंकलेले नाही.

सर : एकदाही?

मुंगी : एकदाही. लाल, लाल, लाल. कोणाची थुंकी आहे ही?

सर : काहीतरी गफलत झाली असेल.

मुंगी : एक दिवस गफलत होते. रोज होत नाही. त्या नळीवाल्याने बसल्या जागी आकडे ठोकून दिलेत. आत्ताच्या आत्ता मालकांना फोन लावते. माझी खुर्ची जाते आणि तो ट्रे हलवत मजेत फिरतो? उद्यापासून तो या इमारतीत दिसता कामा नये.

सर : थांब. त्याची नोकरी जाईल.

मुंगी : जाऊ दे!

सर : दोन मुली आहेत त्याला. त्याचा काही दोष नाही यात.

मुंगी : दोष नाही हे तुम्हाला कसं माहीत? मग कोणाचा आहे?

(मुंगीचा फोन वाजतो. ती दोनदा कापते, तिसऱ्यांदा उचलते.)

मुंगी : आई, मी सरांच्या केबिनमध्ये आहे.

आई : असू दे गं, एवढंच सांग. ठकूबाईने बाटली लाथेने उडवली. अर्धी गादी दूध प्यायली, ही उपाशीच. दुसरी बाटली काढू का?

मुंगी : काढ. कोमट पाण्यात धर, आणि हातावर थेंब टाकून बघ. आणि हळू बोल, फोनचा कानाकडचा आवाज गेलाय. तिनेच आपटलाय. सगळं स्पीकरवर ऐकू जातं.

आई : अगंबाई! साहेब ऐकतायत का? नमस्कार हो, साहेब.

सर : नमस्कार, आई.

आई : भांडताय का हो तिच्याशी? नाही, तिचा आवाज असा वरच्या पट्टीत गेला की मला कळतं. शाळेत बाईंनी एकदा तिचं बरोबर गणित चूक दिलं होतं. आठवडाभर घरात हाच आवाज.

मुंगी : आई, पुरे.

आई : पुरे तर पुरे. पण साहेब, तुमचाही आवाज ओढलेला वाटतो. सर्दी झालीय?

सर : नाही, नाही. झोप कमी पडते जरा.

आई : हो का? तुमच्याकडेही तान्हं आहे वाटतं.

सर : नाही हो. माझी मुलं मोठी आहेत. शिकायला बाहेर असतात.

आई : मग कोण उठवतं?

सर : …कोणी नाही. आपोआप जाग येते. तीनच्या सुमाराला. छाती धडधडत असते, मग उजाडेपर्यंत नुसता छताकडे बघत पडतो.

आई : हे बरं नाही हो. कोणाला दाखवलंत का? बायकोला तरी सांगितलंत?

सर : तिला कशाला उगीच.

आई : उगीच कसं? थांबा, ही रडायला लागली बघा— ए ठकू, ए बाई, ही बघ आई बोलतेय, बोल गं तिच्याशी काहीतरी, ऐकतच नाही ही, घसा फुटेल हिचा…

मुंगी : ठकू. ठकूडी. ओ माझं बाळ ते. आले हं. आजी देतेय ना दूदू? ओ, ओ. आई, ठेव आता. ठेव गं. मी इथे काही करू शकत नाही.

आई : ठेवते. तू जेव वेळेवर.

सर : रडायची थांबेल ती.

मुंगी : मान फिरवू नका, सर. इकडे बघा.

सर : अगं, तुझा कुर्ता…

मुंगी : हो, भिजला. पोरगी रडली की पान्हा फुटतो. फोनवर रडली तरी फुटतो, तांब्याचा भाव बघत असले तरी फुटतो, तुमच्याशी भांडत असले तरी फुटतो. तुम्हाला माझे हार्मोन बघायचे होते ना? हे बघा. त्याला नळी लागत नाही, तक्ता लागत नाही. हे चालतात, दिवसरात्र चालतात, मी कधी नाही म्हटलं? पण यांनी तांबं विकलं नाही. पोरीला पाजून मी रात्री पडते तेव्हा अंग असं सैल होतं की बाजार कोसळला तरी मी आधी कूस बदलेन आणि मग बघेन. आधी मी हावरी होते, सर. तुम्हालाही माहीत आहे. आता थांबता येतं मला. एवढं शांत बसायला मी आयुष्यात पहिल्यांदा शिकले आणि तुम्ही मला घाबरट ठरवून टाकलंत.

सर : घाबरट म्हणालो नाही मी.

मुंगी : लाल म्हणालात. आणि छातीत धडधडतं कोणाच्या? तीनला उठून छताकडे कोण बघत पडतं? मिळेल त्या भावाला—

सर : का थांबलीस?

मुंगी : मी स्टेशनरीच्या खोलीतून येते तेव्हा माझी खुर्ची रोज खाली गेलेली असते. मला वाटायचं, दांडाच सैल झालाय. उंच माणूस बसला की गुडघे टेबलाला अडतात, म्हणून खाली करतो ना?

सर : तुझा सौदा मोठा होता. तू आत असायचीस. मी तिथे बसून तुझ्या स्क्रीनवर नजर ठेवायचो.

मुंगी : आणि नळीवाला यायचा.

सर : बारा भोकांचा ट्रे आहे त्याचा. मालकांना शंभर टक्के सहभाग दाखवायचा होता. पहिल्या दिवशी तो म्हणाला, चार नंबरची नळी रिकामी आहे, ट्रे अर्धवट गेला तर मला बोलणी बसतील. मी त्या खुर्चीत बसलो होतो. म्हटलं, आण इकडे. गंमत म्हणून. आम्ही दोघे हसलोसुद्धा. मग दुसऱ्या दिवशी त्याने न विचारताच नळी पुढे केली.

मुंगी : आणि तुम्ही थुंकलात.

सर : हो.

मुंगी : रोज.

सर : सवय झाली. दात घासल्यासारखं.

मुंगी : वा! आजवर तुमची थुंकी झेलायला अख्खं ऑफिस होतंच. आता माझी नळीही त्या रांगेत लावलीत! मला विचारायचं तरी होतं, सर, मीही दोन थेंब घातले असते. रागाने तोंडाला काय कमी फेस येतो?

सर : माझ्या लक्षात नाही आलं गं. खरंच सांगतो. तक्ता आला, चार नंबर लाल दिसला आणि डोळ्यांपुढे तू आलीस. मी त्या खुर्चीत रोज बसतो हे डोक्यातच आलं नाही.

मुंगी : नवलही नाही वाटलं?

सर : नाही.

मुंगी : खरं बोला.

सर : खरंच नाही वाटलं. वाटलं, हो, असणारच. बाळंतपण झालंय.

मुंगी : हाच राग आहे मला. थुंकीचा नाही. ‘असणारच’ याचा. तुमच्या अंगातली भीती तुमच्याच डोळ्यांपुढे रंगवून ठेवली होती आणि तुम्ही ती माझ्या गळ्यात घालून माझा सौदा विकलात. माझ्या दुधाचं नाव लावून.

सर : ऐक. मी कळवतो त्यांना. चार नंबरच्या नळीत अदलाबदल झाली, आकडे रद्द समजा. तुझं लिमिट आज संध्याकाळपर्यंत पूर्ववत. जुळवणीचं रद्द. झालं?

मुंगी : अदलाबदल कोणाशी? मालक विचारतील.

सर : विचारलं तर बघू.

मुंगी : कोणाचं नाव घालाल? नळीवाल्याचं? की त्या जुळवणीवाल्या पोरीचं?

सर : तू समजून का घेत नाहीस? निकेलनंतर मालकांनी मला या तिमाहीची मुदत दिलीय. पैलवानाला मी मोकळा सोडला होता, सगळं माझ्यावर आलंय. त्यात मी म्हणू की तो लाल रंग माझा? खोलीतला सगळ्यात घाबरलेला माणूस सगळ्यांच्या लिमिटवर सह्या करतोय, असं? काय करतील ते माझं?

मुंगी : जुळवणीच्या टेबलावर पाठवतील. चांगली जागा आहे. उजेड आहे.

सर : मुंगी…

मुंगी : आता म्हणा. आता चालेल.

सर : घरी काय सांगू मी? चोवीस वर्षं झाली मला या कामात. पहिली दहा तर बाजार पडला की मला भूक लागायची. माहीत आहे? सगळे पांढरेफटक पडायचे आणि मी डबा उघडून बसायचो. आता स्क्रीन लाल झाली की माझी बोटं गार पडतात. कोणाला सांगणार हे? इथे कोणी कोणाला सांगत नाही.

मुंगी : माझ्या नावाने मात्र सगळ्या डेस्कला सांगितलंत.

सर : …हो.

मुंगी : मेल उघडा.

सर : आत्ता?

मुंगी : आत्ता. मालकांना. प्रत नळीवाल्याच्या कंपनीला. प्रत मला. प्रत अख्ख्या डेस्कला, कारण ऐकलंय अख्ख्या डेस्कने.

सर : डेस्कला नको गं.

मुंगी : पैलवानाला पहिली.

सर : …काय लिहू?

मुंगी : तुम्हाला येतं लिहिता. मला दोन दिवसांत बारा मेल केलेत तुम्ही काळजीचे.

सर : ‘चौथ्या खुर्चीच्या तपासणीत अनवधानाने—’

मुंगी : अनवधान काढा.

सर : ‘चौथ्या खुर्चीचे सर्व नमुने तिथे बसणाऱ्या सहकारी बाईंचे नाहीत. त्यांनी संमती दिलेली नव्हती आणि नमुनाही दिलेला नव्हता. मंगळवारची तांब्याची विक्री त्यांच्या निर्णयाने झालेली नाही.’ बरं आहे?

मुंगी : अजून मुद्द्याचं यायचंय.

सर : ‘ते नमुने…’

मुंगी : थांबू नका. 

सर : ‘ते नमुने माझे आहेत.’

मुंगी : थुंकी म्हणा. नमुने काय, कापडाचे?

सर : ‘ती थुंकी माझी आहे.’

मुंगी : हं. पाठवा. माझा कुर्ता वाळायच्या आत पाठवा.

सर : एकदा वाचू दे.

मुंगी : वाचलंत की परत रंग चढेल. दाबा.

सर : …गेलं.

मुंगी : आवाज आला बाहेर. सगळ्यांच्या मशीनवर एकदम.

सर : पैलवान वळून बघतोय.

मुंगी : बघू दे. मी निघते. खुर्ची वर घ्यायचीय मला.

सर : अशी जाऊ नकोस, सगळे बसलेत बाहेर. हा माझा कोट घे, पुढून धर.

मुंगी : नको, सर. तुम्हीच घाला तो. थरथरताय तुम्ही.